‘फोटो सौजन्य : गूगल’ छापणं बंद करा

आषाढ लागला की दिवे घाटातल्या पालखीचा फोटो पुण्यातल्या ग्रुपाग्रुपांवर फिरायला लागतो. कोपऱ्यातलं छायाचित्रकाराचं नाव कापलेलं असतं. आठवड्याभरात तोच फोटो चौकातल्या फ्लेक्सवर येतो, कुणाच्या तरी स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर जातो, आणि खाली बारीक टायपात ‘फोटो सौजन्य : गूगल’. ही ओळ दिसली की तळपायाची आग मस्तकात जाते. गूगल कॅमेरा घेऊन घाटात उभं राहिलं नव्हतं! उन्हापावसात, धक्के खात उभ्या राहिलेल्या माणसानं तो काढला, आणि नेमकं त्याचंच नाव गाळलं.

‘नेटवर मिळाला म्हणजे फुकट’ हे पहिल्यांदा डोक्यातून काढा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटो काढला त्याच क्षणी हक्क तयार होतो. नोंदणी लागत नाही, गोलातला ‘सी’ लागत नाही. छायाचित्रकार गेल्यावरही तो ६० वर्षं टिकतो. शनिवारवाडा १७३२ चा आहे, त्याच्यावर कसला आलाय कॉपीराइट, असं विचारतात. अहो, वाडा जुना आहे, फोटो गेल्या वर्षीचा आहे!

आणि ते नाव कापणं. २०१२ च्या दुरुस्तीनं कलम ६५-बी आलं: कामावरची कर्त्याची ओळख जाणूनबुजून, परवानगीशिवाय काढली तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड. तरी बोटानं क्रॉप करून पुढे ढकलतात. त्यात व्हॉट्सॲपवर ‘फोटो’ म्हणून पाठवला की फाइलच्या पोटात नोंदलेली छायाचित्रकाराचं नाव वगैरे माहितीही उडते. मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवायची, एवढं साधं आहे, पण मागवतं कोण?

क्लासवाल्यांचं ‘शैक्षणिक हेतू’ हे आणखी एक पांघरूण. कलम ५२ ची सूट शिकवताना वापरलेल्या मजकुराला आहे, प्रवेशाच्या जाहिरातीला नाही.

सगळ्यात जास्त चीड येते ती मोफत दिलेल्या फोटोंचे हाल बघून. विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियावाल्यांच्या मोफत फोटोंच्या साठ्यावर, पुण्याचे हवे तेवढे फोटो आहेत, बरेचसे सीसी (क्रिएटिव्ह कॉमन्स) बाय-एसए परवान्यावर: ‘बाय’ म्हणजे कर्त्याचं नाव द्या, ‘एसए’ म्हणजे बदल करून वाटलंत तर परवाना तोच ठेवा. पैसे नकोत, फोन करून विचारायला नको. फोटोच्या पानावर खाली परवान्याची चौकट असते, ती वाचायची आणि एक ओळ छापायची: छायाचित्रकाराचं नाव, विकिमीडिया कॉमन्स, सीसी बाय-एसए ४.०, परवान्याचा दुवा, आणि बदल केला असेल तर ‘कडा छाटल्या, अक्षरं टाकली’. बस्स. शुभेच्छुकांचे पन्नास चेहरे मावतात त्या फ्लेक्सवर ही एक ओळ मावत नाही?

परवान्याच्या नावातली बाकीची अक्षरंही बघा. ‘एनसी’ (नॉन-कमर्शियल) असेल तर तो फोटो धंद्याच्या जाहिरातीत चालत नाही. ‘एनडी’ (नो डेरिव्हेटिव्ह्ज, म्हणजे बदल करून वाटू नका) असेल तर दोन फोटो जोडून केलेलं चित्र वाटता येत नाही. ‘एसए’ असेल तर अशा जोडचित्रालाही तोच परवाना द्यावा लागतो, त्यावर ‘सर्व हक्क राखीव’ छापता येत नाही.

नाव गाळलं की परवाना आपोआप संपतो, म्हणजे वापर सरळ बेकायदा. परवान्याच्या ४.० आवृत्तीत चूक कळल्यापासून ३० दिवसांत सुधारली तर हक्क परत मिळतो. ३.० मध्ये तीही सवलत नाही. पोस्ट सुधारता येते हो, पण छापून, बांधून, वाटून झालेल्या हजार स्मरणिकांवर काय करणार, प्रत्येकीवर पट्टी चिकटवत बसणार? म्हणून फाइल छापखान्यात जायच्या आधी डिझायनरला विचारा, हा फोटो कुणाचा. ‘गूगलवरचा’ असं उत्तर आलं तर फाइल परत पाठवा.