मामांची वाळूपरीक्षा

गेल्या आठवड्यात, ऐन श्रावणी सोमवारी, खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दार वाजवून "तुमच्याकडे अंडी उकडताहेत का हो?" असे विचारले, तेव्हा माझे दोन्ही हात कोपरापर्यंत खाऱ्या पाण्यात होते आणि या बदनामीचे जनक, म्हणजे माझे मामेसासरे, सोफ्यावर बसून साबुदाण्याची खिचडी खात होते.

माझ्याकडे समुद्री माशांची 160 लिटरची टाकी आहे आणि तिच्या तळाशी बारीक साखरेसारख्या अरागोनाइट वाळूचा 12 सेंटिमीटरचा थर आहे. माशांच्या घाणीतून होणाऱ्या अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू या थराच्या वरच्या भागात राहतात, आणि त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून ते पाण्यातून घालवणारे जिवाणू खाली, जिथे प्राणवायू पोहोचत नाही तिथे. वरची बोटभर वाळू गोगलगायी आणि कृमी हलवत राहतात. खालची कोणीही डिवचायची नसते. थोडक्यात, या थराची निगा राखणे म्हणजे त्याला हात न लावणे, आणि काहीही न करण्याचे हे काम मी चौदा महिने चोख बजावले होते.

मामांनी उभा जन्म इमारतींच्या बांधकामांवर देखरेख केली आहे. टाकीच्या काचेतून तळाचा काळपट पट्टा दिसताच त्यांनी चष्मा पुसला.

"जावईबापू, वाळूत फसवलं तुम्हाला. हा गाळ आहे."

तो गाळ नसून तळाशी तयार होणाऱ्या गंधकाच्या वायूची लोहाशी गाठ पडली की असा काळा रंग येतो, असे मी सांगू लागलो, पण त्यांनी मध्येच "केवढ्याला पडली?" असे विचारले आणि मी खरी किंमत सांगण्याची चूक केली.

"एवढ्यात आमच्याकडे अर्धा ब्रास वाळू येत होती. आणि ही खारी! खारी वाळू सळया खाते."

"मामा, यात सळया नाहीत."

"आज नाहीत."

यानंतर त्यांनी मला वाळूची परीक्षा समजावून सांगितली : काचेच्या नळीत वाळू घ्यावी, वर मिठाचे पाणी ओतावे, ढवळून तीन तास ठेवावे, आणि गाळ 8 टक्क्यांच्या वर दिसला की ट्रक परत पाठवावा. "तुमच्याकडे तर काचही आहे आणि मिठाचं पाणीही," असे ते म्हणाले, तेव्हा मी हसलो आणि आंघोळीला गेलो. परत येऊन पाहतो तो मामांनी चिवडा परतण्याचा लांब पितळी झारा टाकीच्या तळापर्यंत घातलेला होता आणि चिवडाच परतावा तशा सराईतपणे ते वाळू वरखाली करत होते.

"तीन तास थांबा. सगळं कळेल."

तीन तास थांबावे लागले नाही. सडक्या अंड्यांचा वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो आणि तो वायू माशांना विषारी असतो, हे मी मामांना सांगेपर्यंत पाण्याचे ताक झाले होते आणि दोन्ही क्लाउनफिश पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करत होते. कोळंबीला तांबे सोसत नाही आणि पितळ म्हणजे निम्म्याहून अधिक तांबेच; माझी कोळंबी संध्याकाळी गेली, ती वायूने की झाऱ्याने, कोण जाणे.

याच मामांची मामींच्या लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालण्याची आजवर छाती झालेली नाही. बरणीतल्या कैरीला जपावे लागते हे सर्वांना कळते; वाळूत कोणी राहत असेल हे मात्र कोणाच्या गावी नसते, कारण तो जावयाचा छंद, म्हणजे रिकामपणाचे उद्योग. "वडीलधारे आहेत, मदतच करत होते," असे पत्नी म्हणाली. मदतीचे छायाचित्र तोवर "जावईबापूंच्या टाकीतील गाळ काढताना" या मजकुरासह कुटुंबाच्या ग्रुपवर पोहोचले होते आणि त्याखाली सतरा जणांनी हात जोडले होते.

मंगळवारी मामा गावी परतले. त्या रात्री मी बादल्यांनी 60 लिटर पाणी बदलले. बुधवारी त्यांचा फोन आला, पत्नीने तो स्पीकरवर टाकला.

"काय, झालं ना पाणी स्वच्छ?"

पाणी खरोखरच स्वच्छ झाले होते. पत्नी माझ्याकडे पाहत होती.

"हो, मामा," मी म्हणालो.