मार्चमधला मांडव, जुलैतली गोळी

फेब्रुवारी सरला की सातारा-सांगलीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर मोफत आरोग्य शिबिरांची पोस्टरं पडू लागतात. वर एखाद्या औषध कंपनीचं किंवा मेडिकल दुकानांच्या साखळीचं नाव, बाजूला गावच्या पुढाऱ्याचा हात जोडलेला फोटो, खाली ‘बीपी, शुगर, हाडांची तपासणी मोफत’. त्यावरचा वादही ठरलेला. एक पार्टी म्हणते, फुकट देतायत तर नावं कशाला ठेवता? दुसरी म्हणते, सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकामावर खर्चायचा पैसा मार्चएंडला उडवायचाय म्हणून मांडव घातलाय, सगळी जाहिरात. इकडे नॉटिंगहॅममध्ये बसून हे वाचताना वाटतं, दोन्हीकडून भांडण चाललंय ते मांडवावरून. मांडवात बीपी जास्त निघालेल्या माणसाला जुलैत गोळी मिळते का, याची चौकशी कोणाच्याच मेसेजमध्ये नसते.

मार्चचं कारण कायद्यात आहे. कंपनी कायदा २०१३ मधलं कलम १३५ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. निव्वळ संपत्ती ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातली एक जरी रेषा ओलांडली तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के कंपनीला समाजकामावर खर्चावे लागतात. दोन दिवसांचं शिबिर ३१ मार्चच्या आत झटकन बसतं, फोटोही छान येतात. पण वर्षभर गोळ्या पुरवण्याचं काम त्या पैशात बसत नाही, हा समज चुकीचा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर चालू प्रकल्पाची उरलेली रक्कम वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकायची असते आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरता येते. म्हणजे सोय आहे. शिबिर मागायला गेलेली मंडळी ती मागत नाहीत, आणि कंपनी आपणहून कशाला सांगेल?

औषध दुकानदाराच्या दानशूरपणाचं नॉटिंगहॅमला अप्रूप नाही. इथल्या विद्यापीठाचा मुख्य परिसर बूट्स या औषध दुकानांच्या साखळीच्या जेसी बूटने दिलेल्या जमिनीवर उभा आहे. १९२८ मध्ये तो सुरू झाला. आपल्याकडेही विल्यम वॉन्लेस या मिशनरी डॉक्टरने १८९४ मध्ये सुरू केलेल्या दवाखान्यापासूनच मिरजेचा वैद्यकीय लौकिक वाढत गेला. जमीन देणं, इमारत बांधणं हे दानाचं काम, ते दानाने झालं. पण बूट्समध्ये आज कोणी बीपी मोजून घेतलं तर तो धर्मादाय कार्यक्रम नसतो. ऑक्टोबर २०२१ पासून इंग्लंडमधल्या औषध दुकानांना सरकारी आरोग्यसेवा या कामाचे पैसे देते. सुरुवातीला साध्या मोजणीला १५ पौंड आणि चोवीस तासांच्या नोंदीला ४५ पौंड असा दर होता. वय ४० च्या पुढे आणि आधी निदान झालेलं नसलं की फुकट. रीडिंग १४०/९० किंवा वर गेलं तर दंडाला यंत्र बांधून घरी पाठवतात. जागेपणी तासाला किमान दोनदा ते आपोआप मोजतं. त्याची दिवसाची सरासरी १३५/८५ च्या खाली आली तर बीपी नाही, त्याच्या वर आली तर गोळीचा विचार. आकडा १८०/१२० च्या घरात गेला तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि प्रत्येक आकडा त्या माणसाच्या डॉक्टरकडे पोचतो.

या साखळीतली शेवटची कडी आपल्या शिबिरात नसते, आणि पहिलीही बऱ्याचदा ढिली असते.

मांडवात बीपी कसं मोजलं जातं बघा. रांगेत अर्धा तास उभी राहिलेली बाई खुर्चीत बसते न बसते तोच दंडाला पट्टा. ब्लाऊजची घट्ट बाही तशीच वर सरकवलेली, हात लोंबता, पाठीला टेका नाही, आणि मागून कोणीतरी विचारतंय, ‘काय गं, किती आलं?’ यातल्या प्रत्येक गोष्टीने आकडा बिघडतो, बहुतेकदा वर जातो. पट्टा एकच, २२ ते ३२ सेंटिमीटर दंडाच्या मापाचा. जाड दंडाच्या माणसाला तो अपुरा पडतो आणि बीपी उगाच जास्त दाखवतो. पाच मिनिटं शांत बसवायचं, हात टेबलावर छातीच्या पातळीला, बोलायचं नाही. १४० आलं तर पुन्हा मोजायचं. दोन्हीत बराच फरक पडला तर तिसऱ्यांदा, आणि शेवटच्या दोनांतलं कमी धरायचं. एका माणसाला आठ-दहा मिनिटं लागतात. म्हणजे एक खुर्ची, एक यंत्र आणि पाच तास यांत तीस ते पस्तीस माणसं. ‘एका दिवसात एक हजार तपासण्या’ असं पोस्टर दिसलं की किती यंत्रं होती ते विचारावं.

शुगरचं त्याहून मजेशीर. कराड-शिराळा पट्ट्यात हंगामात गुऱ्हाळावरून थेट शिबिरात आलेल्या माणसाच्या बोटाला गूळ असतो. स्पिरिटचा बोळा फिरवला तरी तो सगळा निघत नाही, आणि थेंबात गूळ मिसळला की ग्लुकोमीटर भलताच आकडा दाखवतो. साध्या पाण्याने हात धुऊन, कोरडे करून मगच टोचायचं. स्पिरिट ओलं असतानाही टोचायचं नाही. पट्ट्यांच्या डबीचं झाकण उघडं ठेवून पाटण-महाबळेश्वरच्या पावसाळी हवेत काम केलं तर पट्ट्या दमट होऊन निकामी होतात. शिवाय जेवून आलेल्या माणसाला १७० आली म्हणजे मधुमेह झाला असं होत नाही. निदान ठरतं ते उपाशीपोटी १२६ किंवा वर, नाहीतर एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्तचाचणी) ६.५ टक्के किंवा वर, तेही प्रयोगशाळेत. शिबिरात ‘तुम्हाला शुगर आहे’ असं ऐकून घरी गेलेला माणूस भात सोडतो, आणि प्रयोगशाळेत मात्र जात नाही.

आता बीपीची गोळी. शिबिरात कंपनीच्या ब्रँडची दहा गोळ्यांची पट्टी देतात, ती दहा दिवसांत संपते. नंतर सरकारी केंद्रात ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम मिळते. औषध तेच, पण पाकीट वेगळं आणि नाव वेगळं. मग काहीजण दोन्ही घेतात. पाय सुजतात, चक्कर येते, आणि ‘सरकारी गोळी सोसत नाही’ म्हणून दोन्ही बंद. जागतिक आरोग्य संघटनेच्या औषधदानाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की दान दिलेल्या औषधावर मूळ रासायनिक नाव असावं, पोचताना किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी, आणि डॉक्टरांना मिळालेले फुकट सॅम्पल दानात देऊ नयेत. आपल्या शिबिरातलं खोकं उघडून हे तीन निकष लावून बघा. खोकं बरंचसं रिकामं होतं.

खर्चाचा हिशेब अवघड नाही. समजा ३०० जणांची तपासणी झाली, त्यात ६० जणांचा आकडा वर आला आणि पुन्हा मोजल्यावर ४० जणांना खरंच बीपी निघालं. ४० गुणिले ३६५, म्हणजे १४,६०० गोळ्या. गोळीला रुपया धरला तरी वर्षाचे १४,६०० रुपये. मांडव, खुर्च्या, स्पीकर, फ्लेक्स आणि पाहुण्यांचे शाल-श्रीफळ यांचं बिल यापेक्षा कमी येतं का, ते आयोजकांनीच सांगावं.

आणि सगळ्या गोळ्या कंपनीने विकत घ्यायची गरजही नाही. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतीय उच्चरक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रातल्या पहिल्या मोजक्या जिल्ह्यांत सातारा होता. त्यात ठरलेली गोळी, प्रत्येकाचं कार्ड आणि ३० दिवसांनी परत येणं, हा शिरस्ता घालून दिलेला आहे. कंपनीने त्यावर समांतर दुकान मांडू नये. ‘साठा संपलाय, पुढच्या आठवड्यात या’ असं केंद्रात ऐकावं लागतं, तो आठवडा भरून काढावा. आशाताईला घरोघरी जाण्याचा मोबदला द्यावा. शिबिरातली यादी त्याच दिवशी आयुष्मान आरोग्य मंदिर या सरकारी उपकेंद्रातल्या सीएचओच्या, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या हातात पडावी, आयोजकाच्या मोबाईलमध्ये राहू नये.

शिबिरं होतात कुठे, हाही प्रश्न आहे. शिरवळ, सातारा, कुपवाड अशा एमआयडीसींच्या आसपास. माण-खटाव, जत, आटपाडीकडे गाडी फिरकत नाही, कारण ‘कायदा म्हणतो कारखान्याच्या परिसरातच खर्च करा’. कायद्यात परिसराला प्राधान्य आहे खरं, पण ते बंधनकारक नाही, असं केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ च्या परिपत्रकात स्पष्ट केलंय. आणि ऊसतोड मजूर? नोव्हेंबरात वाळवा-कराडच्या फडांवर आलेले मार्चमध्ये बीडकडे परततात. त्यांच्या कोपीवर शिबिर घ्यायचं तर जानेवारीत, आणि कार्डासोबत तीन महिन्यांच्या गोळ्या देऊन.

इंग्लंडचं कौतुक इतकं करतोय म्हणून इथलीही बाजू सांगायला हवी. मोजणीचे पैसे सरकार देतं, पण एकूण दर परवडत नाहीत अशी दुकानदारांची ओरड आहे, आणि गेल्या काही वर्षांत शेकडो औषध दुकानं बंद झाली. लॉइड्सफार्मसीने २०२३ मध्ये सेन्सबरीज सुपरमार्केटमधली आपली सगळी दुकानं गुंडाळली. जिथे दुकान गेलं तिथे बीपीची ती खुर्चीही गेली. कंत्राटाने चालणारी सेवा कंत्राटाबरोबर मरते, तशी दानाने चालणारी दात्याच्या मूडबरोबर. म्हणून गावाने कंपनीकडून लेखी घ्यायचं ते सोपं असावं: कोणत्या केंद्रात, कोणती गोळी, किती महिने, आणि यादी कोणाकडे.

त्या यादीत एक रकाना जास्तीचा असावा. मार्चचा आकडा, शेजारी जुलैतला, बेंदराच्या सुमाराचा आकडा. पेरणीची घाई उरकलेली असते, माणूस गावात सापडतो. चाळीस नावांपुढे त्या रकान्यात किती आकडे भरले गेले, ते बघूनच पुढच्या मार्चला मांडव घालायचा की नाही ते ठरवा.