‘गोल्ड कमांडर’ म्हणजे सगळ्यांचा बॉस नव्हे
एक मेसेज फिरतोय की ब्रिटनमध्ये हल्ला झाला की ‘गोल्ड कमांडर’ नावाचा सगळ्यात सिनियर पोलीस ऑफिसर ताबा घेतो आणि फायर ब्रिगेड, अॅम्ब्युलन्सवालेही त्याच्याच ऑर्डरवर हलतात. अहो असं नसतं! गोल्ड (धोरण ठरवणारा), सिल्व्हर (ते कसं राबवायचं ते ठरवणारा), ब्रॉन्झ (प्रत्यक्ष काम करून घेणारा) ही पदं नाहीत, त्या वेळेपुरत्या जबाबदाऱ्या आहेत, १९८५ च्या लंडनमधल्या ब्रॉडवॉटर फार्म या वसाहतीतल्या दंगलीनंतर पोलिसांनीच ही पद्धत काढली. प्रत्येक सर्व्हिसचा आपापला गोल्ड असतो आणि तो दूर बसून धोरण ठरवतो. स्पॉटवर पोलीस, फायर ब्रिगेड आणि अॅम्ब्युलन्स या तिघांचे कमांडर, भूमिका लिहिलेली जॅकेटं घालून, एकत्र उभे राहून धोका किती, आत कोण जाणार ते मिळून ठरवतात, पण आपल्या माणसांना ऑर्डर ज्याची त्यानेच द्यायची. समन्वय बहुतेकदा पोलीस करतात, तिथूनच हा घोळ झाला असावा.