चोरावर मोर होण्याआधी

प्रेमात पडायचं ठरवलंच असेल तर आधी खिसे तपासून घ्या. पत्रिका, पगार, फ्लॅट हे सगळं नंतर. हा सल्ला माझ्या पदरचा नाही. हॉलिवूडचे दिग्दर्शक अर्न्स्ट लुबिच यांनी १९३२ साली, सिनेमाला नुकतं कुठे बोलता येऊ लागलं होतं तेव्हा, ‘ट्रबल इन पॅराडाइज’ या चोरांच्या प्रेमकथेतून तो देऊन ठेवलाय.

सुरुवात व्हेनिसमध्ये करा. गोंडोला लागेलच, गाणंही लागेल. लुबिचसाहेबांनी दोन्ही दिलंय. फक्त गोंडोला कचऱ्याचा आहे आणि ‘ओ सोले मिओ’ आळवणारे गृहस्थ दारोदारचा कचरा गोळा करतायत.

मग जेवणाचं आमंत्रण द्या. तुम्ही बॅरन असल्याची थाप मारा, ती सरदारीण असल्याची थाप मारेल. सूप, मेणबत्त्या, गोड बोलणं सगळं रीतसर होऊ द्या. मग ती शांतपणे सांगेल, की शेजारच्या खोल्यांतल्या गृहस्थाला लुटणारे चोर तुम्हीच, आणि त्याच दमात मीठ मागेल. मीठ द्या. मिरपूड हवी का, तेही विचारा. संस्कार सोडू नका. मग उठून दार लावा, पडदा ओढा आणि तिला खांदे धरून गदागदा हलवा. तुमच्याच खिशातून तिने मारलेलं पाकीट खाली पडेल. तुम्ही तिचा ब्रोच परत करा, ती तुमचं घड्याळ परत करेल, वर ते पाच मिनिटं मागे होतं म्हणून लावून दिल्याचंही सांगेल. शेवटी तिचा मोजेबंद आपल्याकडेच ठेवायची परवानगी मागा. तो कधी गेला हे तिलाही कळलेलं नसतं. झालं, जमलं लग्न! (म्हणजे लग्न नाहीच, पण पुढे येणाऱ्या सेन्सॉरला सोयीचं पडावं म्हणून म्हटलं.)

हातचलाखीचं म्हणाल तर सिनेमातला हा चोर, म्हणजे गास्टन, झालेल्या हर्बर्ट मार्शल या नटाचा एक पाय पहिल्या महायुद्धात गेलेला. पडद्यावर जिना धडाधड चढतो तो भलताच कुणी आहे. एवढा डोळ्यांदेखत गंडवतो आणि आपण खिसा सांभाळत बसतो!

पुढचं सावज पॅरिसमध्ये गाठा. अत्तर कंपनीच्या मालकीण मारिएट कोले तीन हजार फ्रँकची पर्स महाग म्हणून नाकारतात आणि लगेच सव्वा लाखाची घेतात. ती चोरा, नेऊन परत द्या, वीस हजारांचं बक्षीस घ्या आणि बाईंचे सेक्रेटरी व्हा. एवढ्या भांडवलावर हल्ली कॉलेजात प्रवेश मिळत नाही.

मात्र इथे लोक घसरतात. गास्टन तळागाळातून, स्वकष्टाने चोर झालेला. त्याला ओळखलं की पोलीस. कंपनीचे चेअरमन जिरॉन मात्र वर्षानुवर्षं लाखो फ्रँक खातायत. पण ते पडले प्रतिष्ठित. त्यांच्यासाठी पोलीस बोलावले तर केवढा गवगवा व्हायचा! गास्टन हे बाईंना बोलूनही दाखवतो. मंदीच्या ऐन भरात पगारकपात सुचवणारेही हेच चेअरमन, ते न ऐकणाऱ्या पर्सवाल्या बाई. तेव्हा तरुणांनो, कुलपं फोडायला शिकण्यापेक्षा संचालक मंडळावर ओळख काढा.

राहिला प्रणय. तो अजिबात दाखवू नका. लुबिचसाहेब संध्याकाळ ते उत्तररात्र नुसती घड्याळं दाखवतात आणि मागून आवाज ऐकवतात. प्रेक्षकाला अक्कल असते असा त्यांचा गैरसमज होता. तुम्ही करून घेऊ नका.

१९३४ मध्ये, पडद्यावर काय दाखवायचं नाही हे ठरवणारी हॉलिवूडची आचारसंहिता कडकपणे लागू झाली. पुढच्याच वर्षी हा सिनेमा पुन्हा लावायला परवानगी नाकारली गेली आणि १९६८ पर्यंत तो डब्यातच राहिला. शिक्षा नाही, पश्चात्ताप नाही, चोर-चोरटी टॅक्सीत बसून एकमेकांचे खिसे कापत मजेत निघून जातात, हे कसं खपणार? तसं जायचं असेल तर १९३४ च्या आधी उरकून घ्या. नंतरची परवानगी फक्त चेअरमनसाहेबांना.