फोन माझा, परवानगी त्यांची?

काल मित्राने स्वतः लिहिलेलं छोटंसं ॲप पाठवलं. नुसती वही आहे ती, नोंदी ठेवायची. इंटरनेटसुद्धा मागत नाही. तर फोन म्हणतो, फाइल धोकादायक असू शकते. मग सेटिंग्ज उघडा, 'अज्ञात स्रोत' चालू करा, परत इशारा, परत स्कॅन, आणि 'तरीही इन्स्टॉल करा' हे बारीक, फिकट अक्षरात कोपऱ्यात लपवलेलं. अरे, अज्ञात कोण? मित्र आहे तो माझा!

ॲपल, गूगल या कंपन्यांना विचारलं की उत्तर ठरलेलं: तुमची सुरक्षा. मग २०१५ मध्ये एक्सकोडघोस्ट या घातक कोडची लागण झालेली ॲप्स ॲपलची तपासणी पार करून ॲप स्टोअरमध्ये कशी पोचली? ॲपलच्याच मॅक कॉम्प्युटरवर बाहेरून उतरवलेला प्रोग्रॅम चालतो, मग त्याच कंपनीच्या आयफोनवर तो धोका कसा होतो? २०२० मध्ये फोर्टनाइट या गेमने पैसे भरायची स्वतःची सोय दिली आणि तो ॲपलच्या स्टोअरमधून उडाला. त्यात कुठला व्हायरस होता? ॲपलचं ३० टक्के कमिशन बुडत होतं, दुसरं काय! युरोपात कायद्याने कान पिळल्यावर २०२४ मध्ये आयफोनवर दुसऱ्या स्टोअर्सना वाट मिळालीच ना? म्हणजे जमत होतं की!

आता गूगललाही अँड्रॉइडवर डेव्हलपरची, म्हणजे ॲप लिहिणाऱ्याची, नोंदणी हवी आहे, ॲप त्यांच्या स्टोअरबाहेरचं असलं तरी. हौसेने, फुकट ॲप लिहिणाऱ्याने आधी यांच्या दारात जाऊन नाव का नोंदवायचं? इशारा द्या, जरूर द्या, एकदा द्या. पण पैसे मोजून घेतलेल्या माझ्या फोनची किल्ली तुमच्या खिशात कशाला?