आंब्याची साल पेंडेची जागा घेत नाही

कॅनिंगचा हंगाम सुरू झाला की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो: "कारखान्यातली आंब्याची साल फुकट मिळते. दुभत्या गाईला रोज 20-25 किलो घाला, पेंड बंद करा, दूध वाढेल. बाठे चालतात, साल आंबली तरी हरकत नाही."

फुकट मिळते हे खरं. टेम्पोचं भाडं मात्र धरा.

"पेंड बंद करा." ओल्या सालीत 80 टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. 20 किलोत कोरडा भाग 4 किलो, त्यात प्रथिनं साधारण 5 टक्के, म्हणजे 200 ग्रॅम. एका लिटर दुधामागे 85-90 ग्रॅम प्रथिनं लागतात. 10 लिटरच्या गाईला नुसत्या दुधासाठीच 850 ग्रॅम हवीत, शरीर पोसायची वेगळी. भाताच्या पेंढ्यात ती जेमतेम 3-4 टक्के, म्हणजे तिकडूनही भर नाही. सालीत आहे ती साखर. त्यामुळे ती मक्याच्या भरड्याची जागा घेऊ शकते, पेंडेची नाही. 10 किलो साल घालत असाल तर दीड किलोपर्यंत भरडा कमी करा. सरकी पेंड आणि 50 ग्रॅम खनिज मिश्रण तसंच ठेवा.

"20-25 किलो." एवढी साखर एकदम गेली की पोटात आम्ल वाढतं. रवंथ कमी होतो, शेण पातळ, फेसाळ पडतं. पण बहुतेकदा त्याआधीच दुधातलं फॅट उतरतं, आणि दोष जातो डेअरीच्या मशीनला! 2 किलोपासून सुरुवात करा, 10-12 दिवसांत 10 किलोवर या आणि तिथेच थांबा. दिवसातून दोन-तीनदा विभागून, आधी पेंढा खाऊ घालून मगच साल. गाय चारा सोडू लागली तर साल त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांना बोलवा.

"बाठे चालतात." अख्खा बाठा अन्ननलिकेत अडकला तर वायू बाहेर पडत नाही, पोट फुगतं आणि काही तासांत गाय जाऊ शकते. साल-बाठे एकाच ढिगात येतात, म्हणून गव्हाणीत टाकण्याआधी हाताने निवडा. कोयीतला गर वाळवून, दळून आंबोणात (पेंड-भरड्याच्या मिश्रणात) 10 टक्क्यांपर्यंत चालतो. त्याहून जास्त नको, त्यातलं टॅनिन प्रथिनं बांधून ठेवतं.

"आंबली तरी हरकत नाही." मेच्या उकाड्यात ढीग दिवसभरात गरम होतो, दारूसारखा वास सुटतो, मग बुरशी. बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, दुधात उतरतं. आलेली साल त्याच दिवशी संपवा, उरेल तिचा मुरघास (हवाबंद मुरवलेला चारा) करा: 80 किलो साल, 20 किलो कुट्टी केलेला कोरडा पेंढा. एवढ्याने कोरडा भाग 34 टक्क्यांवर येतो. नुसती साल भरली तर पाणी सुटून सगळं सडतं. थर दाबत पिशवी गच्च भरा, हवा काढून तोंड बांधा, 45 दिवसांनी उघडा. उघडल्यावर रोज किमान वीतभर थर निघेल एवढी जनावरं असतील तरच मोठी पिशवी घ्या, नाहीतर 50 किलोच्या लहान पिशव्या बऱ्या.