आभा कार्ड निघालं, पण रिपोर्ट कुठे आहेत?

आमच्या नंदुरबार जिल्ह्यातला पेशंट एका जागी राहत नाही, ही गोष्ट योजना आखणाऱ्यांच्या डोक्यात जोपर्यंत नीट शिरत नाही तोपर्यंत नुसती आभा कार्डं (आपले तपासण्यांचे कागद एका जागी सापडावेत म्हणून दिलेला सरकारी नंबर) वाटून काही उपयोग नाही, हे आज सविस्तर लिहितोय. पोस्ट मोठी आहे, पण वाचा.

धडगाव-अक्कलकुव्याची माणसं दिवाळी झाली की ऊसतोडीला बारडोली, व्यारा साईडला जातात. मुकादमाची गाडी येते, भांडीकुंडी, लेकरं, म्हातारी माणसं सगळं गाडीत. काठी गावच्या होळीला येतात तेव्हाच परत तोंड दिसतं. मधल्या काळात ताप, बाळंतपण, अपघात जे काय होईल ते तिकडेच, गुजरातच्या दवाखान्यात. शहाद्याचा माणूस कधी मध्य प्रदेशातल्या खेतियाला दाखवतो कधी धुळ्याला, जरा मोठं दुखणं असलं की सुरत नाहीतर नाशिक. नवापूरच्या रेल्वे स्टेशनात तर अर्धं स्टेशन महाराष्ट्रात अन् अर्धं गुजरातमध्ये आहे. म्हणजे आपल्याकडे राज्याची हद्द ओलांडणं ही रोजची गोष्ट आहे, पण केसपेपर काही हद्द ओलांडत नाही, तो घरी पत्र्याच्या पेटीत राहतो.

माझं मेडिकल दुकान आहे म्हणून हे रोज बघतो. माणूस येतो, हातात गोळ्यांच्या पाकिटाचा कापलेला तुकडा, नाव जिथे छापलेलं असतं तेवढीच बाजू गायब. "हीच गोळी द्या भाऊ, सुरतच्या डॉक्टरनी दिली होती." कशाची आहे विचारलं तर बीपीची असेल किंवा शुगरची. चिठ्ठी कुठंय? "कागद त घरच राही ग्यात भाऊ." आता अंदाजाने तर गोळी देता येत नाही, मग परत डॉक्टरकडे पाठवायचं, तो परत रक्त तपासायला लावतो, परत सोनोग्राफी. रोजंदारीचा माणूस एकाच तपासणीचे पैसे दोनदा तीनदा भरतो अन् त्यात दिवसाची मजुरीही जाते.

यात सगळ्यात जास्त हाल सिकलसेलवाल्यांचे, म्हणजे रक्ताच्या तांबड्या पेशी वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार असलेल्यांचे. सातपुड्याच्या पट्ट्यात हा आजार किती आहे हे इथल्या आशाताईंना विचारा. केंद्राने १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाचं मिशन सुरू केलं, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची अन् २०४७ पर्यंत आजार संपवायचा असं ठरलंय. चांगलंच आहे. पण तपासणी झाली धडगावला अन् पोराला अंगदुखीचा झटका आला व्याराजवळच्या उसाच्या फडात, तर तिथल्या डॉक्टरला कसं कळणार की हा सिकलचा पेशंट आहे? तो अंगदुखीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवतो, जेव्हा खरं तर त्याला भरती करून सलाईन, ऑक्सिजन, कधी रक्तसुद्धा लागतं. आधी किती वेळा रक्त चढवलंय, काही रिअॅक्शन आली होती का, हे माहीत असणं किती गरजेचं आहे ते ब्लड बँकवाले सांगतील. अन् हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलचं औषध चालू असेल तर ठराविक काळाने सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) करून मागच्या रिपोर्टशी ताडून डोस ठरवावा लागतो. मागचा रिपोर्टच हातात नसेल तर ताडणार कशाशी?

दुसरं, पहिलं बाळंतपण माहेरी. आपल्याकडच्या कितीतरी पोरी सुरतला उधना, लिंबायतला दिलेल्या आहेत. सातव्या महिन्यात पोरगी माहेरी येते, तिकडच्या सोनोग्राफ्या, एचबी (हिमोग्लोबिन), शुगर सगळं तिकडेच. एखादीचा रक्तगट निगेटिव्ह असला अन् नवऱ्याचा पॉझिटिव्ह, तर साधारण २८ व्या आठवड्याला अँटी-डी इंजेक्शन लागतं, अन् बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत परत. पहिलं दिलं होतं का नाही हे तिच्या आईला माहीत नसतं, सासूला आठवत नाही, अन् फाईल सासरी. हे एवढं साधं आहे, मोबाईलवर दिसायला हवं.

आता आभाचं सांगतो, कारण त्यात मोठा गोंधळ आहे. आयुष्मान कार्ड वेगळं, आभा वेगळं. आयुष्मानवर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. आभावर एक रुपया मिळत नाही, तो १४ आकडी नंबर आहे, तुमच्या तपासण्या, चिठ्ठ्या, डिस्चार्ज कार्ड एका जागी सापडावं म्हणून. २७ सप्टेंबर २०२१ ला ही योजना देशभर सुरू झाली. सगळा डेटा दिल्लीत एका कॉम्प्युटरमध्ये जातो असं नाही, रिपोर्ट ज्या दवाखान्यात बनला तिथेच राहतो, दुसऱ्या डॉक्टरला बघायचा असेल तर तुमच्या मोबाईलवर परवानगी मागितली जाते, कोणते कागद दाखवायचे अन् किती दिवस ते तुम्ही ठरवता, नंतर परवानगी काढूनही घेता येते. डोक्याने केलेली रचना आहे ही, मला पटते.

अन् होत नाही असंही नाही. टीबी पेशंटची नोंद ठेवणारं सरकारी निक्षय पोर्टल २०१२ पासून आहे, पेशंट दुसऱ्या जिल्ह्यात गेला, दुसऱ्या राज्यात गेला तरी त्याची नोंद तिकडे ट्रान्सफर होते अन् औषध पुढे चालू राहतं. कोरोनात पहिला डोस शहाद्याला अन् दुसरा सुरतला घेतलेली माणसं आपल्या आजूबाजूलाच आहेत, सर्टिफिकेट एकच निघालं. मग हे बाकीच्या आजारांना का नको?

अडतंय कुठे, तर कॅम्पमध्ये फक्त नंबर निघतो. माणसाला कार्डाची प्रिंट मिळते, ती लॅमिनेट करून पाकिटात ठेवतो, त्यात एक रिपोर्टसुद्धा जोडलेला नसतो. रिकामी फाईल. सरकारी दवाखान्यात क्यूआर स्कॅन करून ओपीडीचा नंबर लवकर मिळतो तेवढंच लोकांना आभा माहीत. प्रायव्हेट डॉक्टरांचीही बाजू आहे, ओपीडीत सत्तर-ऐंशी पेशंट बसलेले असताना टाईप कोण करणार? खरंय. पण लॅबवाल्यांचे रिपोर्ट आधीच कॉम्प्युटरवर बनतात अन् व्हॉट्सअॅपवर जातात, सुरुवात तिथून होऊ शकते. जानेवारी २०२३ पासून दवाखान्यांना अन् लॅबना असे रेकॉर्ड जोडण्याबद्दल पैसे देणारी योजनाही आली, ती किती जणांना सांगितली गेली?

मग ओटीपीचं दुखणं. घरात एकच मोबाईल, तो नवऱ्याकडे, रिचार्ज संपलेला, अन् डोंगरात रेंज नाही. बाईचा रेकॉर्ड बाईला बघता आला पाहिजे, नवऱ्याच्या फोनवर अवलंबून नको. आपल्याच जिल्ह्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं, हे सगळ्यांना अभिमानाने सांगतो आपण. त्याच जिल्ह्यात २०१० नंतर एवढ्या वर्षांनी आधारशी जोडलेला नंबर बंद आहे म्हणून आभा निघत नाही, असे लोक आहेत.

डेटा चोरीची भीती खोटी नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला अन् कितीतरी दिवस सगळं काम हातानं कागदावर करावं लागलं. एचआयव्ही, मानसिक आजार, गर्भपात असल्या गोष्टी गावात फुटल्या तर माणूस उठतो त्या गावातून. म्हणून परवानगीचं बटण कोणी दुसऱ्याने घाईत दाबून द्यायचं नाही, पेशंटला त्याच्या भाषेत समजावून, अहिराणीत, भिलीत, पावरीत सांगून मगच. हे न करता टार्गेट पूर्ण करणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे काम मोठ्या शहरांपासून नाही तर हद्दीवरून सुरू करा. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर, शहादा अन् पलीकडचे सोनगढ, व्यारा, बारडोली, खेतिया, पानसेमल, इथली सरकारी रुग्णालयं अन् आरोग्य केंद्रं आधी एकमेकांना जोडा. दिवाळीच्या आधी, मुकादमाच्या गाड्या भरायच्या आधी, प्रत्येक सिकलसेल पेशंटचा अन् प्रत्येक गरोदर बाईचा निदान रक्तगट, शेवटचे रिपोर्ट अन् चालू औषधं आभाला जोडलेली असावीत, अन् ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्या हातात तेच सगळं एका छापील कागदावर द्यावं. आमदार-खासदारांच्या पेजवर हे लिहा, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना निवेदन द्यायचं असेल तर मी टाईप करून देतो, शहाद्यातल्या कोणत्याही मेडिकलवाल्याला सही मागा, एक जणही नाही म्हणणार नाही.